बेकरीतलं बिनपावाचं जेवण

बेकरी घरची, भट्टी घरची, पहाटे उठून पीठ मळणारे हात धाकट्या सुनेचे, आणि तिनंच पाव खायचा नाही! सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला आणि साफ सांगितलं, "साखर डोळ्यांत उतरायला लागलीय. पाव बंद. आजपासून."

डोळे गेले तर भट्टीतल्या पावाचा रंग कोण बघणार, थोरली जाऊ? तिला गल्ल्यावरून उठवत नाही.

पण दुकानाची एक रीत होती. एकच्या ठोक्याला घरातल्या सगळ्यांनी रस्त्याकडच्या काचेच्या खिडकीत बसून त्या दिवशीचाच पाव खायचा. करणारेही हेच खातात, हे गिऱ्हाइकाला दिसायला हवं. सासऱ्यांनी पाडलेली रीत, चाळीस वर्षं जुनी. दोन वर्षांपूर्वी याच साखरेपायी सासऱ्यांचा डावा पाय कापला. आता ते चाकाच्या खुर्चीत असतात, पण एक वाजताचा काप काही चुकलेला नाही. वा रे रीत!

मंगळवारी धाकटीनं पाऊण वाजता ट्यूनाचा डबा उघडला, तेल निथळून मासा काट्यानं मोकळा केला. त्यात चमचाभर घट्ट दही, बारीक कांदा, काकडी, मिरपूड आणि अर्धं लिंबू. लेट्युसच्या चार पानांत सारण भरून गुंडाळ्या केल्या. दहा मिनिटांत जेवण तयार! एक वाजता ती खिडकीत जाऊन बसली आणि पहिला घास घेतला.

"हे काय गं?" थोरलीनं नाक मुरडलं. "पाव कुठाय?"

"मला बंद केलाय, जाऊबाई. काल सांगितलं ना तुम्हाला."

"मग आत बसून खा! इथे कशाला तमाशा?"

"आत बसले तर म्हणाल, धाकटीनं रीत मोडली. इकडे आड, तिकडे विहीर! मी बसायचं तरी कुठे?"

तेवढ्यात रोजची गिऱ्हाईक असलेली शिक्षिका आत आली. तिनं पानातली गुंडाळी पाहिली आणि हात पर्समधून रिकामाच बाहेर काढला. "का हो, आज पावात काही गडबड आहे का? करणारीच खात नाहीये."

झालं! थोरलीनं पावाचा काप उचलून थेट धाकटीच्या तोंडाशी धरला. "खा एक घास. बाईंच्या समोर खा. एका घासानं काय मरत नाहीस."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तो हात बाजूला केला.

"पाव उत्तम आहे, बाई! माझ्या हातचा आहे. बिघडलंय ते माझं रक्त! दुकानाची अब्रू राखायला मी आंधळी होऊ का? काल रिपोर्ट दाखवला तेव्हा या घरात कुणी ब्र काढला नाही, आणि आज एका घासासाठी माझ्या तोंडाशी झोंबताय? लाज कशी वाटत नाही!"

शिक्षिका ओशाळली. "मला काय माहीत हो," असं म्हणत तिनं दोन पाव घेतले. थोरली गल्ल्यामागे जाऊन सुटे पैसे मोजायला लागली.

तेवढ्यात खिडकीतच बसलेल्या सासऱ्यांनी हातातला काप बशीत ठेवला.

"धाकटे, मला ते पानातलं दे. लिंबू जरा जास्त पिळ."

तिनं गुंडाळी दिली, पण राग उतरला नव्हता. "बाबा, हेच दोन वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर? पाय राहिला असता तुमचा!"

सासऱ्यांनी खुर्चीखाली पाहिलं. तिथे एकच चप्पल होती.

"म्हणणार होतो गं," ते म्हणाले. "पण खिडकीतून गिऱ्हाईक बघत होतं."