सातवं नाव

सेक्रेटरीनं फोन ठेवला आणि यादीतल्या सातव्या नावाभोवती पेन्सिलीनं गोल काढला.

“मॅडम, काहीतरी घोळ आहे. एक गृहस्थ बोलले. म्हणाले, ती माझी बहीण, तिला तर तुम्ही सकाळीच सत्काराला बोलावलंत. पुन्हा कशाला?”

“सकाळी कुणाला फोन केला होतास?”

“तिसऱ्या नावाला. पण आडनाव वेगळं आहे.”

डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. शुक्रवारी त्यांचा सत्कार होता आणि महिनाअखेरीला निवृत्ती. फुप्फुसाच्या कर्करोगावर त्यांचे एकशे बारा शोधनिबंध होते, पण जग त्यांना ओळखत होतं ते एकाच निबंधामुळे. बावीस वर्षांपूर्वीचा, दोन इस्पितळांतल्या चव्वेचाळीस रुग्णांचा. दोन औषधं एकत्र दिल्यावर त्यातले सात जण पाच वर्षांपलीकडे जगले होते. पुढे जवळजवळ तीन हजार निबंधांनी त्याचा हवाला दिला. त्या सातांपैकी जे अजून आहेत त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं, ही हौस बाईंचीच.

त्यांनी कपाट उघडलं. बाई चहाची चिठ्ठीसुद्धा फेकत नाहीत, अशी विभागात थट्टा चालायची. दोन्ही फायली सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पहिल्या इस्पितळात भावानं दाखल केलेलं, नाव माहेरचं. मग उपचार मध्येच सोडून ती रुग्ण सासरी गेलेली. दुसऱ्या इस्पितळात नवऱ्यानं नाव घातलं, ते सासरचं. जन्मतारीख एकच. गाठही तीच, डाव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला. दोन्ही फायलींवर तपासल्याची सही डॉक्टरबाईंची होती.

आकडेमोडीचं काम बघणारा सहकारी पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर होता. त्यानं गणित दोनदा करून पाहिलं.

“सहा धरले तर फरक नुसता योगायोगानंही पडू शकतो. ठाम काही म्हणता येत नाही.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “मॅडम, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. शुक्रवार तेवढा जाऊ दे की.”

“एकाच्या आलं होतं.”

अकरा वर्षांपूर्वी एका तरुण संशोधकानं हाच उपचार तीनशे रुग्णांवर करून पाहिला होता. त्याला काहीच फायदा दिसला नाही. तो निबंध छापण्याआधी अभिप्रायासाठी बाईंकडे आला होता. ‘रुग्णांची मोजदाद पुरेशा काळजीनं केलेली दिसत नाही,’ असं त्यांनी लिहिलं आणि निबंध परत गेला. त्यानंतर त्या मुलाचं नाव त्यांना कुठंच वाचायला मिळालं नाही. ते वाक्य मात्र अजून तोंडपाठ होतं, कारण लिहिलं तेव्हा ते त्यांना फार आवडलं होतं. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि जर्नलच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. चूक कुठं झाली, कुणाच्या हातून झाली, निबंध मागे घ्यावा. शेवटी त्या तरुणाचं नाव घालून लिहिलं की त्याचं बरोबर होतं. पत्र एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

सहकाऱ्यानं कपाळाला हात लावला.

“आणि सत्कार?”

“संचालकांना मी सांगते. करायचा तर करू देत.”

मग त्यांनी यादी जवळ घेतली आणि तिसऱ्या नावाचा नंबर स्वतःच फिरवला. चूक ज्या बाईच्या नावावर झाली होती तिला तरी ती दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होती.

“आमच्या निबंधात तुम्हाला दोनदा मोजलं गेलं,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून चुकलं. एक तुम्ही माहेरच्या नावानं, एक सासरच्या.”

पलीकडे ती बाई खो खो हसत सुटली.

“अगं बाई! म्हणजे बावीस वर्षं मी दोघी होते होय? मग खोडा की एक.”

“खोडली.”

“नीट बघून खोडलीत ना? नाहीतर भलतीच जायची.”

डॉक्टरबाईंनी दोन्ही फायली एकावर एक ठेवल्या.

“या वेळी नीट बघितलं,” त्या म्हणाल्या.