शेवटचा आंबेमोहोर

समुद्रकाठच्या त्या गावात पोचून साळूबाईला अठरा तास झाले, तरी डोंगरावरच्या देवीचं दर्शन काही घडेना. आदल्या संध्याकाळी लेकाला, निरंजनला, सूर्य बुडताना बघायचा होता. सकाळी सुनेला, मृण्मयीला, शिंपले वेचायचे होते. देवी काय, कुठं पळून जातेय, असं दोघांचं म्हणणं! साळूबाईचा जीव नुसता जळत होता. आपल्या गावाहून, जांब्याहून, गाडीत गुडघे आखडून ती काय वाळू बघायला आली होती?

ती आली होती तांदूळ घेऊन. नव्या आंबेमोहोराचा पहिला शेर दरवर्षी या कुलस्वामिनीच्या ओटीत पडायचा, मगच घरात नवा भात शिजायचा. लग्न झाल्यापासून देवीच्या आधी तिनं त्याचा घास घेतला नव्हता. यंदाचं पीक शेवटचं. दिवाळी झाली आणि निरंजननं वावराचा व्यवहार परस्पर उरकला. आईला कळलं ते हातावर पेढा पडल्यावर. आता त्या वावराचा शेवटचा तांदूळ देवीच्या पायाशी ठेवायचा आणि माफी मागायची, एवढ्यासाठी तिचा सगळा आटापिटा होता.

अकरा वाजता एकदाचे निघाले. दोनशे पायऱ्या. दर दहा पायऱ्यांवर साळूबाई टेकायची, गुडघ्यांना शिव्या घालायची आणि उठायची. वर पोचल्यावर तिनं हात पुढं केला.

"दे पिशवी."

"कुठली?"

"लाल खणाची. गाडीच्या डिकीतली."

"ती होय!" निरंजन खुशीत म्हणाला. "ती सकाळीच रंभाकाकूंना दिली. तुला दुसऱ्याचा तांदूळ कुठं घशाखाली उतरतो? म्हटलं, दुपारी हाच शिजवा."

रंभाकाकू म्हणजे ते उतरले होते त्या घराची मालकीण. साळूबाईचा चेहरा बघून निरंजननं घाईघाईनं फोन लावला.

"अहो, भात झाला पण!" काकू पलीकडून म्हणाल्या. "काय घमघमाट सुटलाय! आणखी चार पाहुणे आहेत, म्हणून सगळाच टाकला."

निरंजन ओशाळला. "आई, खालच्या दुकानातून दोन किलो आणतो. देवीला काय, भाव पोचला म्हणजे झालं."

"वावर इकताना मला इचारलं न्हाईस," साळूबाई म्हणाली, "आन तांदूळ देतानाबी न्हाई."

पुजारी दार लावायच्या घाईत होता. साळूबाईनं नारळ ठेवला, डोकं टेकलं. एवढ्या लांबून मनात घोळवत आणलेलं बोलणं ओठांवर येईना. तो तांदूळच न्हाई, तर माफी मागायची कुठल्या तोंडानं? संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देवीचा नीट चेहराही दिसला नाही.

खाली ताटं मांडली होती. भाताच्या वासानं घर भरलं होतं. "असा तांदूळ मी जन्मात शिजवला नाही हो," म्हणत रंभाकाकू वाढत आल्या. साळूबाईनं ताटावर आडवा हात धरला.

"मला भाकरी आसंल तर द्या. ह्यो भात देवीनं आजून खाल्लेला न्हाई."

"आई, राग सोड ना," निरंजन हळूच म्हणाला. "पुढच्या वर्षी पहिल्यांदा देवीलाच देऊ."

"कुटल्या वावरातला?"

काकूंनी सकाळची भाकरी आणून दिली. साळूबाईनं ती कोरडीच मोडली. निरंजनच्या ताटातला भात निवत गेला.