उणे ऐंशी अंशांत थांबलेला नमुना

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीजर आहे. नेवाशाजवळच्या एका छोट्या संशोधन केंद्रात भिंतीला पाठ लावून उभा असतो. तुमच्या घरचा फ्रिज दूधभाजी सांभाळतो, मी आजारांचे नमुने सांभाळतो. माझ्या पोटात शून्याच्याही खाली ऐंशी अंश थंडी असते. कारखान्यात माझं दार चार वेळा काढून पुन्हा बसवलं होतं. तेव्हा मला कंटाळा आला होता, पण त्या मेहनतीमुळेच मी आजवर टिकलो.

माझी काळजी दोघं घेतात. डॉक्टर भारती विषाणूंचा अभ्यास करतात आणि वाल्मिकभाऊ यंत्रं बघतात.

तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या कोप्यांवर तापाची साथ आली. पाचटाच्या त्या झोपड्यांत घरटी एकजण खोकत होतं. खर्ड्याकडून आलेल्या कडूबाई आठवडाभर उठल्या नाहीत. भारतीताईंनी त्यांच्या नाकातला स्राव घेऊन तपासला. फ्लूच होता, पण नेहमीपेक्षा बदललेला. कडूबाई बऱ्या झाल्या. त्यांची जाऊ मात्र वाचली नाही.

फ्लू सारखं रूप बदलतो, म्हणून जगभरातले नमुने शेजारी शेजारी ठेवून त्याची लस पुन्हा पुन्हा ठरवावी लागते. भारतीताईंनी कडूबाईंचा नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं आणि सरकारकडे परवानगी मागितली. एका कार्यालयाने विचारलं, दुसऱ्याची हरकत नाही ना? दुसऱ्याने विचारलं, पहिल्याची मंजुरी कुठे आहे? नमुन्याची ती करंगळीएवढी नळी माझ्याकडेच राहिली.

एप्रिलमधल्या एका भर दुपारी वीज गेली आणि केंद्राचं जनरेटरही बंद पडलं. वाल्मिकभाऊंनी माझ्या दाराला पट्ट्या चिकटवल्या.

"कुनी हात लावायचा न्हाई!" असं बजावून ते शेजारच्या दूध संकलन केंद्रावर धावले आणि तिथलं जनरेटर ट्रॅक्टरला जोडून घेऊन आले. तोवर मी माझी थंडी घट्ट धरून ठेवली. नळीला काही झालं नाही. मित्रांनो, त्या दिवसाचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढच्या हिवाळ्यात परवानगी देणारे अधिकारी आबासाहेब स्वतः पाहणीला आले. परदेशी पाठवण्यासाठी रुग्णाची वेगळी संमती हवी होती, म्हणून पुन्हा ऊसतोडीला आलेल्या कडूबाईंनाही बोलावलं होतं. सगळे माझ्यासमोरच उभे होते.

"मॅडम, मी मुद्दाम अडवत नाही," आबासाहेब म्हणाले. "नमुना इथून जातो, लस तिकडे बनते आणि आपल्या माणसांना सगळ्यात शेवटी मिळते. सही केली तर उद्या जाब मला विचारतील."

"तुमची भीती खोटी नाही, साहेब," भारतीताई म्हणाल्या. "पण नमुना इथेच पडून राहिला तर लस कुणालाच मिळणार नाही."

कडूबाईंनी पदर सावरला. "साहेब, त्यो खोकला माझा हुता ना? मंग मी सांगते. न्या म्हनावं. पन त्यात काय घावलं ते मला कळाया पायजे. आन् लस निघाली तर आमच्या कोपीवर बी आली पायजे. एवढं कागदावर लिवा, मंग मी अंगठा देते."

आबासाहेबांनी खिशातून पेन काढलं. "वर्षभर फाईल फिरतेय," ते म्हणाले, "आणि हे एवढं कुणी त्यात लिहिलंच नाही."

त्यांनी खुर्ची ओढली. निष्कर्ष आधी आपल्याला कळवायचे, संशोधनात आपलं नाव असायला हवं, लशीत आपला वाटा असायला हवा, अशा अटी तिघांनी बसून ठरवल्या, आबासाहेबांनी त्या लिहिल्या आणि कडूबाईंनी अंगठा दिला. परदेशी प्रयोगशाळेने त्या मान्य केल्या आणि चार महिन्यांत मंजुरी आली. माझं दार उघडलं आणि ती नळी कोरड्या बर्फाच्या पेटीत बसून निघाली.

पावसाळा सरता सरता उत्तर आलं आणि भारतीताईंनी ते कडूबाईंनाही कळवलं. हाच बदललेला विषाणू आणखी दोन देशांत सापडला होता. नव्या लशीसाठी त्याचीच निवड झाली.

यंदाच्या हंगामात ती लस कोप्यांवर पोचली. वाल्मिकभाऊ परत येऊन सांगत होते, रांगेत कडूबाई पहिल्या होत्या. त्यांनी दंड पुढे केला आणि म्हणाल्या, "माझ्या जावंच्या टायमाला असती तर..." मग डोळे पुसून मागच्या बायकांना त्यांनी हाक मारली, "या गं, भिऊ नका!"

मित्रांनो, मी आता थकलोय. लवकरच माझ्या जागी नवा फ्रीजर येईल आणि तोही हे काम चोख करील, याची मला खात्री आहे. नमुने सांभाळणं आम्हाला जमतं, पण सही करणं आमच्या हातात नाही. तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल. टेबलावर अशी फाईल आली, तर अटी जरूर घाला, देशाचा हक्क सोडू नका. पण आधी एवढं विचारा, ही फाईल कुणाच्या खोकल्याची आहे? आणि त्याच आठवड्यात उत्तर द्या.