रेषा नसलेली बोटे

गवंड्याने चौथ्यांदा काचेवर बोट टेकवले आणि पडद्यावर पुन्हा नुसताच करडा डाग उमटला. बंदरावरच्या त्या खोलीत आसरा मागणाऱ्यांचे आधी ठसे घेत, मग अर्ज. बायकोचे ठसे एका दमात आले. याची बोटे वीस वर्षे सिमेंट-चुन्यात मुरलेली. रेषा उरणार कुठून?

"पंधरा दिवस हातांना आराम द्या," अधिकारीबाई म्हणाल्या. "रेषा परत येतात. नाही आल्या, तर बोटं मुद्दाम घासलीत असं धरू. आधी दुसऱ्या देशात ठसे दिलेले लोक तसंच करतात. मग अर्ज नाही, परत पाठवणी."

परत म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होते. ज्यांनी थोरल्या भावाला घरातून ओढून नेऊन मारले, ते आता याच्या वाटेवर डोळे लावून बसले होते.

छावणीत तो हातावर हात ठेवून बसला. बायकोला सहावा महिना, तरी ती त्याला घास भरवायची. "लग्नातही तुमचे एवढे लाड झाले नव्हते," म्हणायची. दहाव्या दिवशी बोटांवर बारीक रेषा दिसू लागल्या. दोघे त्या खिडकीच्या उजेडात न्याहाळत बसले.

तेराव्या दिवशी न्हाणीघराच्या फुटक्या पायरीवरून ती घसरली. थोडक्यात वाचली. पायरीची तक्रार महिनाभर पडून होती. भिंतीशी सिमेंटचे अर्धे पोते होते, थापी मात्र कुठेच नव्हती. गवंड्याला ती फुटकी पायरी तेवढी दिसली. त्याने हातानेच माल कालवला, हातानेच पायरी लिंपली आणि कडा गुळगुळीत होईपर्यंत बोटे फिरवत राहिला. वेडा माणूस!

"अहो, हे काय केलंत?" बायकोने त्याचे हात धरले. तेव्हा कुठे त्याने आपल्या बोटांकडे पाहिले.

पंधराव्या दिवशी पुन्हा डागच. पायरीची गोष्ट त्याने तीनदा सांगितली. "कारण सगळ्यांकडेच असतं," बाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. रोज ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी बायकोला विचारले, "तुमचा अर्ज घेतलाय. राहणार, की यांच्याबरोबर जाणार?"

"जाणार."

"ती राहील!" तो ओरडला. आजवर तो तिच्यावर कधीच ओरडला नव्हता. ती रडूही शकली नाही.

मग परतीच्या कागदावर त्याचा अंगठा घेतला. एकही रेषा नसलेला काळा डाग उमटला. बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल."