दीड मिलिमीटर

“त्याचे बूटही आणलेत,” बुर्गल म्हणाली आणि कापडी पिशवी तिने माझ्या कामाच्या बाकावर, व्हाइसच्या पकडीशेजारी ठेवली. तिच्या मुलीने, आफ्राने, स्कीची जोडी खांद्यावरून उतरवून भिंतीला टेकवली. मी त्या जोडीकडे लगेच पाहिले नाही. तीन वर्षांपूर्वी ती माझ्याच हातून या दाराबाहेर गेली होती, आणि तिच्यावर उभा राहून डोंगरात गेलेला रोमेद, बुर्गलचा नवरा आणि माझा पहिलीपासूनचा मित्र, चालत परत आला नव्हता.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. आमच्या दरीत या आठवड्यात लोक दोन कामे उरकतात. सर्व संतांच्या दिवसासाठी थडग्यांवरची माती सारखी करतात, आणि माळ्यावरच्या स्की उतरवून माझ्याकडे तपासायला आणतात. आफ्राचे काम लहानच होते. फेब्रुवारीत, वडिलांच्या स्मृतिदिनी, त्यांच्याच स्कीवरून तिला ते गेले त्या खिंडीत जायचे होते. तिच्या बुटाचा तळ त्यांच्याहून नऊ मिलिमीटरने आखूड. बूट स्कीला जखडणाऱ्या बाइंडिंगचा टाचेकडचा भाग तेवढा पुढे सरकवला की झाले. आईला हे मान्य नसावे, हे तिच्या उभे राहण्यावरून दिसत होते.

“नाही म्हटलं तर ही भाड्याच्या स्कीवर जाईल,” बुर्गल म्हणाली. “पाय बापाचे, हट्टही बापाचा. निदान तुझ्या हातून गेलेल्या असू देत, कासियान. तू मोजलंस म्हणजे मी झोपेन तरी.”

निघताना दोघी दारात थांबून म्हणाल्या, “देव तुला राखो.” आमच्याकडे निरोपाचे शब्द एवढेच. हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, धर्मगुरूलासुद्धा. ‘तुम्ही’ राहते ते खालून आलेल्या पाहुण्यांसाठी आणि न्यायालयासाठी.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. पंधराव्या वर्षी शेजारच्या दरीतल्या लोहारकामाच्या तंत्रशाळेत गेलो. पहिल्या वर्षीचा पाठ असा होता की पितळेची एक पट्टी निव्वळ हाताने, कानस मारून, बरोबर चार मिलिमीटर जाडीची करायची. मास्तरांनी माझी पट्टी दोनदा परत केली. तिसऱ्यांदा सूक्ष्ममापीत धरली, रुमालाने पुसली आणि माझ्या खिशात घातली. त्याहून मोठी शाबासकी मला पुढे कुणी दिली नाही.

बऱ्याच वर्षांनी चढणीची हलकी बाइंडिंग आली, तेव्हा ती पट्टी कामी आली. ही बाइंडिंग दिसायला साधी असते. पुढच्या जबड्यातल्या दोन खिळ्या बुटाचे नाक दोन्ही बाजूंनी धरतात; मागचा भाग टाच धरतो. चढताना टाच मोकळी ठेवायची, उतरताना बसवायची. बुटाची टाच आणि मागचा भाग यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, कारण खोलगट जागी स्की वाकते आणि मागचा भाग पुढे सरकतो. त्याला सरकायला जागा हवी. ती फट चार मिलिमीटरची, जणू माझी पट्टी त्यासाठीच घासली गेली होती. सव्वीस वर्षे ती माझ्या एप्रनच्या खिशात आहे. बाइंडिंगच्या डब्यातून प्लास्टिकची मापे येत. मी ती खणात टाकत असे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढच्या जबड्याला एक खटका असतो. तो वर ओढला की जबडा उघडतच नाही. चढताना तो वर असावा, उतरताना खाली, म्हणजे माणूस पडला की स्की पायातून सुटते. खटका वर ठेवून उतरणे याला आमच्याकडे ‘कडी लावणे’ म्हणतात. स्की मध्येच निसटेल या भीतीने जुने लोक अवघड जागी कडी लावतात. पण बर्फाचा लोट आला, तर न सुटलेली स्की नांगरासारखी माणसाला खाली ओढते.

रोमेद लोटाखाली सापडला तेव्हा दोन्ही स्की पायात होत्या आणि दोन्ही कड्या लागलेल्या. बचावपथकाने हे अंत्यविधीनंतरच्या जेवणातच सांगितले, सातूचे सूप वाढले जात असताना. त्या हिवाळ्यापासून दरीत म्हण पडली: रोमेदसारखी कडी लावू नकोस. सरावाच्या उतारावर शिक्षक ती मुलांना ऐकवत. मीही दर नोव्हेंबरात गिर्यारोहण मंडळाच्या बैठकीत बाइंडिंगच्या निगेवर बोलताना दुसरा मुद्दा तोच घेत असे. नाव घेत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्की बाकावर आडवी घेतली. जुने काहीही हलवण्यापूर्वी आहे ते माप टिपून ठेवायचे, ही माझी पद्धत. म्हणून रोमेदचे बूट बसवले, फटीत पट्टी सरकवली. ती नेहमीसारखी, किंचित घासत, बरोबर बसली. वहीत चार लिहिले. या जातीची बाइंडिंग मी तेवढी एकच जोडी बसवली होती. रोमेदनंतर दरीत ती कुणी मागितली नाही. त्यामुळे स्क्रू किती आवळायचा ते आठवेना, आणि मी फायलीतून तिचा कागद काढला. स्क्रूचे चित्र तिसऱ्या पानावर होते. दुसऱ्या पानावर टाचेचे चित्र होते, आणि त्याखाली फटीचे माप: साडेपाच.

मी चष्मा पुसला. मग खण उपसून त्या डब्यातली लाल प्लास्टिकची पट्टी शोधली. सूक्ष्ममापीत धरली. साडेपाच.

नंतर जे केले ते तीन वर्षांपूर्वीच करायला हवे होते. स्कीची दोन्ही टोके लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, खटका उतरणीच्या जागी म्हणजे खाली केला, आणि बुटावर दोन्ही हातांनी सारा भार दिला. स्की वाकली, मागचा भाग बुटाला भिडला, त्याने बूट पुढे ढकलला, आणि पुढचा जबडा खट्कन उघडला. तीनदा केले. तीनदा उघडला. मग लाल पट्टीने फट साडेपाच केली आणि पुन्हा भार दिला, दहा वेळा. एकदाही उघडला नाही.

त्या वर्षीच्या जानेवारीत रोमेद दोनदा माझ्याकडे आला होता. पहिल्यांदा म्हणाला, “चाळीस वर्षांत बुर्गल मला सोडून गेली नाही, ही मात्र दर रविवारी जाते. खोलगट जागा आली की हिचं मन उठतं.” मी स्की बाकावर सपाट ठेवून तपासली, खिळ्यांमधला बर्फ साफ केला, स्प्रिंग पाहिली, पट्टी सरकवली. दोष दिसला नाही. सपाट स्कीत तो दिसणारही नव्हता. दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्याकडे गर्दी होती. मी म्हणालो, “दोष तुझ्या गुडघ्यांत आहे. अवघड जागी कडी लाव, वसंतात बघू.” तो हसला. म्हणाला, “तू सांगतोस तर लावतो.” तीन आठवड्यांनी तो गेला.

हे बोलणे मी विसरलो नव्हतो. पण आजवर मी ते एका मित्राची नुसती थट्टा म्हणून बाजूला ठेवू शकत होतो. बाइंडिंग निर्दोष होती, माप बरोबर होते. कडी लावायची की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे. आता तसे उरले नाही.

एक स्की, त्याचा बूट, दोन ठोकळे आणि दोन्ही पट्ट्या घेऊन मी दुपारी बुर्गलच्या घरी गेलो. ती स्वयंपाकघरात सफरचंदे कापत होती. इन्सब्रुकच्या इस्पितळात परिचारिका असलेली आफ्रा सुट्टी असल्याने घरीच होती. कोपऱ्यातल्या क्रुसाखाली रोमेदचा फोटो होता. मी ठोकळे जमिनीवर मांडले आणि दोन्ही मापांनी प्रयोग करून दाखवला. मग जानेवारीतले बोलणे सांगितले, शब्द न बदलता. माफी मागितली नाही. ती मागितली असती तर उत्तराचे ओझे तिच्यावर पडले असते.

आफ्राने विचारले की कडी नसती तर तो वाचला असता का. मी म्हणालो, “ते मला माहीत नाही. लोट मोठा होता. पण कडी त्यानं मूर्खपणानं लावली नव्हती. स्की खरोखर निसटत होती, आणि मी सांगितलं म्हणून त्यानं लावली.”

बुर्गलने सुरी खाली ठेवली. टेबलावरच्या साली तिने एका बाजूला ओढल्या.

“तीन वर्षं,” ती म्हणाली, “थडग्यावर दिवा लावताना मी त्याला बोल लावते. रोज. म्हणते, एवढं साधं कळलं नाही तुला? पोरंसोरं तुझं नाव घेऊन हसतात.” मग तिने माझ्याकडे पाहिले. “आणि तुम्ही दर नोव्हेंबरात चाळीस माणसांपुढं ते सांगता.”

“नाव घेत नाही, बुर्गल.”

“नाव घ्यायची गरज कुठं असते.”

ती ‘तुम्ही’ म्हणाली होती. पहिल्या इयत्तेपासून आम्ही तिघे एकाच बाकावर बसलो होतो. मी स्की उचलली. आफ्राची जोडी शहरातल्या कारागिराकडे पाठवतो, म्हणालो. बुर्गल दारापर्यंत आली, कारण या घरात माणसाला दारापर्यंत पोचवतात.

“देव तुम्हाला राखो,” ती म्हणाली.

सर्व संतांच्या दिवशी मी दफनभूमीच्या फाटकापाशीच उभा राहिलो. तिचा लाल दिवा दुरून दिसत होता. माझा दिवा मी दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवला. आफ्राची जोडी अजून माझ्याच भिंतीला टेकून होती; शहरात पाठवायची राहिली होती.

मंडळाची बैठक नोव्हेंबरच्या मध्यावर अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत भरते. त्या दिवशीही चाळीसेक लोक होते. पहिला मुद्दा बर्फाचा: बूट बसवण्यापूर्वी खिळ्यांची छिद्रे टोकरा, बूट बसल्यावर टाच तीनदा वर-खाली झुलवा, जबड्याखाली बर्फ साचला असेल तर तो पुरता मिटत नाही. तो मी नेहमीसारखा सांगितला. दुसऱ्या मुद्द्याला मी पाण्याचा घोट घेतला तेव्हा पुढच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, “आता कडीवाला येणार.” दोघे हसले.

“येणार,” मी म्हणालो. “आज नावासकट. त्याचं नाव रोमेद. गेली तीन वर्षं मी इथं सांगत आलो की त्यानं चूक केली. चूक माझी होती. बाइंडिंगच्या फटीत मी दीड मिलिमीटर कमी ठेवला, कारण कागद न वाचता माझ्या पट्टीवर विश्वास ठेवला. म्हणून स्की निसटत होती. तो दोनदा तक्रार घेऊन आला. मला दोष सापडला नाही, तेव्हा मीच त्याला कडी लावायला सांगितलं. या दरीत जी म्हण आहे, ती त्याच्या नावावर चुकून लागली आहे.”

मी पितळी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणालो की माझ्या सगळ्या नोंदी मी पुन्हा तपासल्या आहेत, त्या जातीची दुसरी जोडी दरीत नाही. तरीही ज्याला शंका असेल त्याने आपली स्की शहरात दाखवावी. उंचावरचे विश्रामघर चालवणारा म्हातारा वेंडेलिन हलकेच म्हणाला, “कासियान, बस आता.” मी बसलो नाही. तिसरा मुद्दा राहिला होता, स्क्रूंचा, आणि लोक त्यासाठीही आले होते.

बैठक संपल्यावर नेहमी माझ्या टेबलाभोवती गर्दी होते. त्या दिवशी झाली नाही. पुढच्या रांगेतला तो माणूस माझ्याकडे न पाहता निघून गेला; उद्या त्याची स्की माझ्या वर्कशॉपातून नेली जाईल, हे मला कळले, आणि ते योग्यच होते. मी ठोकळे, कागद, लाल पट्टी एकेक करून पेटीत ठेवू लागलो.

तेव्हा शेवटच्या रांगेतून बुर्गल उठली. ती आल्याचे मी पाहिले नव्हते. आफ्रा तिच्या मागे होती. बुर्गलने टेबलावरची पितळी पट्टी उचलली, अंगठ्याने तिची कड चाचपली, भाकरी भाजली का ते चाचपावे तशी, आणि परत ठेवली. मग हातातली पिशवी पट्टीशेजारी ठेवली. आत बूट होते. रोमेदच्या बुटांहून जरा आखूड.

“शनिवारी,” ती म्हणाली. “मोजताना आफ्रा समोर असेल. लाल पट्टीनं.”

मी मान हलवली. तिने गळ्याभोवतीची शाल घट्ट केली, दोन पावले गेली, थांबली.

“देव राखो,” ती म्हणाली.

मधला शब्द तिने गाळला होता. ‘तुला’ही नाही, ‘तुम्हाला’ही नाही. मी पिशवी उचलून छातीशी धरली.

“देव राखो,” मी म्हणालो, आणि ती जागा मीही तशीच सोडली.