सहा एकसारख्या डब्या

"सासऱ्यांचं कपाट आहे तस्संच लाव हं. एक डबीसुद्धा इकडची तिकडं करू नकोस," सामानाचा टेम्पो सुटताना शेजारच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या होत्या. तिनं "हो काकू" म्हटलं आणि मनात म्हणाली, झालं, जातानाही उपदेश!

चार खोल्यांतून दोन खोल्यांत आलेलं घर. सासऱ्यांच्या वाट्याला बंद केलेली गॅलरी. पस्तीस वर्षं पंप दुरुस्त केलेला माणूस. त्यांच्या कपाटातून नट, वॉशर, तारा, रबराच्या चकत्या निघतच होत्या. त्यातच औषधं : एक गोळी बामच्या डबीत, दुसरी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत, तिसरी बेअरिंगच्या पत्र्याच्या डब्यात.

"भंगारवालाही हात जोडेल," नवरा म्हणाला.

तिला हसू आलं नाही. दहा महिन्यांचं लेकरू रांगत होतं, दिसेल ते तोंडात घालत होतं. दोन वॉशर तिनं स्वतः त्याच्या गालातून काढले होते. रात्र रात्र तिच्या डोळ्यासमोर तेच. शेवटी एका रविवारी तिनं कंबर कसली. लोखंड सगळं भंगारात. औषधं सहा पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत. वर ठळक अक्षरांत नावं : रक्तदाब, साखर, पित्त.

"बाबा, बघा तरी कसं झालंय!"

सासऱ्यांनी झाकणांवरून बोट फिरवलं. "सगळ्या एकसारख्याच आणल्यास?"

"सेटच होता सहाचा."

"वा. हॉटेलात उतरल्यासारखं वाटतंय."

"सापडलं नाही काही तर मला हाक मारा."

"आयुष्य गेलं पंप खोलण्यात, आणि मला डबी सापडणार नाही होय गं?"

ती हसली. तेही हसले.

त्यांनी हाक मारली नाही. बुधवारी दुपारी चहाला उठवायला गेली, तर ते घामानं चिंब, डोळे अर्धवट उघडे. उठेनात.

दवाखान्यात कळलं, रक्तातली साखर पार उतरली होती. बाकीच्या गोळ्यांच्या जागीही साखरेचीच गोळी. दिवसातून तीनदा. तीन दिवस.

"डोळे कधी तपासले होते यांचे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डोळे चांगले आहेत. रोज पेपर वाचतात."

"वाचतात, की हातात धरतात?"

तिला चहाचा कप आठवला. सासरे चहा ओतताना बोट कपात बुडवायचे, आणि ती दर वेळी ओरडायची, "बाबा, शी! बोट काढा ना!" कप भरला की नाही, हे त्यांना बोटालाच कळत होतं. जुन्या घरात पत्रा, काच, प्लॅस्टिक, सगळं हाताला बोलत होतं. गुळगुळीत पांढऱ्या झाकणांना तोंडच नव्हतं. आणि सुनेपुढं, "मला दिसत नाही" म्हणायचं कसं? दर वेळी हाताला पहिली लागेल ती डबी उघडली, गोळी घेतली.

शुक्रवारी सकाळी ते गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

तिला कुणी बोल लावला नाही. "तू चांगल्यासाठीच केलंस," नवरा म्हणतो, भिंतीकडं बघत. गॅलरीत आता लेकराचा पाळणा आहे. जमिनीवर टोचेल असं काही नाही. तरी ती रोज गुडघ्यांवर बसून कोपरान् कोपरा चाचपते.

भेटेल त्याला ती एकच सांगते, तुम्हालाही तेच : घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज त्याच्यापाशी जाऊन बसा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळे ठणठणीतच असतात. नुकतंच आलेलं विजेचं बिल हातात द्या आणि म्हणा, "जरा वाचून दाखवता?" ते म्हणतील, चष्मा सापडत नाही. म्हणतील, मग बघू. चिडतीलसुद्धा.

चिडू द्या. उठू नका तिथून.