तेरेपाईची लाकडं आणि अकाईतीची भिंत

पापा तेरेपाईची आयुष्यभर एक खात्री होती. पॅसिफिकमधल्या त्यांच्या माउके बेटावर कलावंत म्हणून जन्माला आलेला माणूस एकच आहे, आणि रोज सकाळी आपण त्याचीच दाढी करतो. बायको अकाईती काही करत नव्हती असं नाही. ती तिवाएवाए शिवायची, म्हणजे पलंगभर पसरेल अशी रंगीत कापडी फुलांची चादर. पण शिवत तर बेटावरच्या सगळ्याच बाया होत्या. अकाईती जरा जास्त चांगलं शिवते असं लोक म्हणायचे, तेव्हा तेरेपाई मोठ्या मनानं मान डोलवायचा. आपल्या संगतीत राहून बाईला थोडी दृष्टी आली, असं त्याला वाटायचं.

त्यामुळे संत्र्यांच्या जुन्या गोदामात या नवराबायकोच्या कामाचं संग्रहालय काढायचं ठरलं, तेव्हा तेरेपाईला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. इतका उशीर का झाला, एवढाच प्रश्न त्याला पडला. संग्रहालय मांडायला ऑकलंडहून तेपाएरू आली. पोरगी तिकडे हेच शिकली होती, पण आजी माउकेचीच, म्हणून बेटानं तिला लगेच आपलं म्हटलं. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर ती चर्चच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "पापा तेरेपाईंच्या किंवा ममा अकाईतींच्या हातचं ज्यांच्याकडे काही असेल, त्यांनी ते संग्रहालयासाठी द्यावं. वाटलं तर द्या, आग्रह नाही."

सोमवारी सकाळी तेरेपाई फुलाफुलांचा शर्ट घालून, डोक्यावर फुलांचा मुकुट चढवून गोदामाच्या दारात उभा राहिला, आणि बघतो तर काय, रस्त्यावर रांग लागलेली. कुणी ट्रकमधून, कुणी मोटरसायकलवर, कुणी चिखल वाहायच्या चाकगाडीतून. त्यानं कोरलेली स्टुलं आली, ढोल आले, लाकडी पराती आल्या, वल्ही आली. पाद्रीबुवांना त्यानं एकदा जुन्या काळचा देव कोरून भेट दिला होता, जसाच्या तसा, काही न लपवता. तो देवही आला, कंबरेला टॉवेल गुंडाळून. बुवांची बायको म्हणाली की टॉवेल तेवढा परत हवाय.

"बघितलंस?" तेरेपाई अकाईतीच्या कानाशी लागला. "किती जपून ठेवलंय लोकांनी."

अकाईतीनं एका स्टुलावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. "कोंबड्यांनीपण जपलंय," ती म्हणाली.

शेजारचा तुआकाना ढोल घेऊन आला, स्टूल घेऊन आला, मग घरी जाऊन आणखी एक स्टूल घेऊन आला.

"अरे, बसायला ठेव की एक," तेरेपाई म्हणाला.

"नको रे बाबा. त्याच्यावर बसलं की पाठ धरते," तुआकाना म्हणाला, आणि तेपाएरू बघतेय हे दिसल्यावर जरा गंभीर झाला. "बेटाच्या इतिहासासाठी देतोय मी."

तेरेपाईला इतिहास एवढाच शब्द ऐकू गेला. आपल्याला हवं तेवढंच ऐकण्यात त्याचा हात धरणारा माउकेवर कुणी नव्हता.

आठवडा उलटला तसं गोदाम भरलं. पण अकाईतीच्या नावानं जी लांबलचक भिंत पांढरी रंगवून ठेवली होती, तिच्यावर टांगायला एकसुद्धा तिवाएवाए आली नाही. तेपाएरूचं तोंड उतरलं. तेरेपाईनं तिची समजूत घातली, "वाईट नको वाटून घेऊस. शिवणकाम ते. टिकत नाही गं लाकडासारखं." मग तिच्याबरोबर तो स्वतःच घरोघरी निघाला. बायकोसाठी एवढं तरी करायला हवं, असं त्याच्या मनात आलं आणि स्वतःचा मोठेपणा पाहून त्याला भरून आलं.

घरोघरी एकच प्रकार. आत बोलवायचे, पपई कापून ठेवायचे, पेटारा उघडायचे. कापराचा वास यायचा आणि पलंगभर ती फुलं उलगडायची, पिवळ्यावर लाल, निळ्यावर पांढरी. घरातलं कुणीतरी हळूच हात फिरवायचं. मग म्हणायचं, ही मुलाच्या लग्नाची. ही नातवाचे केस पहिल्यांदा कापू त्या दिवशीची. आणि ही माझी, ही अंगावर घालूनच मला पुरा, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. तेपाएरू विचारायची, थोडे दिवस तरी द्याल का? त्यावर लोक असे बघायचे जणू पोरीनं त्यांची जीभ उसनी मागितली. चादरीची घडी व्हायची, पेटाऱ्याला कुलूप लागायचं, आणि निघताना मागून हाक यायची.

"पापा, थांबा थांबा. तुमचं एक वल्हं मागच्या पडवीत आहे, तेवढं घेऊन जा."

तेरेपाईच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागतो. पडला तो जेवताना. नारळाच्या दुधातली अळूची पानं तोंडात होती, घास तसाच राहिला.

"अकाईती, लोक माझं काम परत करतायत."

"देतायत म्हण."

"नाही. परत करतायत." त्यानं चमचा खाली ठेवला. "तुझं कुणी देत नाही, आणि माझं कुणी ठेवत नाही."

"आज कळलं तुला?"

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी. चाकगाडी बघितली तेव्हा," अकाईती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक नीरफणसाची फोड वाढली.

रागावण्याची सोय नव्हती, कारण रागवायचं कुणावर? आयुष्यभर आपण लोकांना भेटी दिल्या आणि लोकांनी त्या तोंडावर हसू ठेवून घेतल्या, एवढंच घडलं होतं. बिचाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठी दुखवून घेतल्या. संग्रहालय निघालं आणि बेट सुटलं. तेरेपाईला स्वतःचंच हसू आलं, पण ते नीट बाहेर पडेना. त्याला आता एकच हवं होतं. कुणीतरी एकानं नाही म्हणावं. मोठं काही नको, एखादी परात, एखादा खुंटा, पण हे तेरेपाईच्या हातचं आहे, मी देणार नाही, असं तोंडानं म्हणावं. नाहीतर उद्घाटनाला त्या खच्चून भरलेल्या खोलीत आपण कुठल्या तोंडानं उभे राहायचं?

दुसऱ्या दिवशी तो एकटाच मोटरसायकल काढून निघाला. मागायला जातोय असं दाखवायचं आणि नकार घेऊन यायचं, असा बेत. बेत त्यानं कुणाला सांगितला नव्हता, म्हणजे तो सगळ्या बेटाला माहीत होता.

तुआकानाकडे तो म्हणाला, "आठवण म्हणून एखादं ठेवायचं असेल तर ठेव हं. मी तेपाएरूला सांगतो."

"आठवण आहे की," तुआकाना म्हणाला. "पाठ दुखली की येते."

शाळेतल्या बाईंच्या परड्यात त्यानं कोरलेली उंडीच्या लाकडाची मोठी परात डुकरापुढे होती. काठावर लाटांची नक्षी, त्यात डुकराचं तोंड. तेरेपाईला इतका आनंद झाला की त्यानं डुकराकडे मायेनं पाहिलं.

"राहू दे, राहू दे," तो घाईनं म्हणाला. "रोजच्या वापरातली दिसतेय. त्याची सवय कशाला मोडायची?"

"छे हो पापा, न्या तुम्ही," बाई म्हणाल्या. "त्याला बादली चालते."

परात धुऊनसुद्धा दिली वर. तेरेपाईनं ती मागच्या खोक्यात ठेवली आणि तोंडात मारल्यासारखा पुढे निघाला. वाटेत आणखी दोन घरं लागली, पण त्यांना लांबूनच तो येताना दिसला होता आणि वस्तू आधीच फाटकाशी काढून ठेवल्या होत्या.

शेवटचं घर ममा कुराचं, पार समुद्राच्या बाजूला, जिथे रस्ता संपून प्रवाळाचे काळे दगड सुरू होतात. तेरेपाई अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून ममा कुरा त्याला ओळखत होती, त्यामुळे तिच्यापुढे रुबाब चालायचा नाही. ती दारात चटई विणत बसली होती. तिनं हनुवटीनंच दाखवलं, "तो बघ, मला दिलेला तुझा देव. माडाला टेकून ठेवलाय. घेऊन जा."

तेरेपाई तिच्यासमोर मातीतच बसला. दिवसभराचं सगळं सोंग गळून पडलं.

"ममा, खरं सांग. माझ्या हातचं असं एकही नाही का, जे तू देणार नाहीस?"

तिचे हात थांबले. "आहे ना. एक आहे. ते मागूसुद्धा नकोस."

तेरेपाईचा जीव भांड्यात पडला. "कुठलं गं? ढोल?"

"ढोल आहे का माझ्याकडे? असला तर तोही ने." तिनं अंगणाकडे पाहिलं. तिथे पत्र्याच्या छपराखाली तिच्या पोराची, रोंगोची कबर होती, नुकताच चुना दिलेली. "त्याची पेटी."

तेरेपाईला क्षणभर समजलंच नाही. रोंगो मासे मारायला गेला होता आणि प्रवाळाच्या रांगेबाहेर बुडाला होता. त्या महिन्यात जहाज आलं नव्हतं आणि बेटावर फळी मिळेना, म्हणून तेरेपाईनं आपल्या कामाच्या शेडची दारं काढून त्याला पुरायची पेटी ठोकली होती. एक पानसुद्धा त्यावर कोरायला वेळ मिळाला नव्हता, आणि त्याची त्याला तेव्हा लाज वाटली होती. मग तो ती विसरूनच गेला.

"ती साधी पेटी होती, ममा. तसल्या तर मी सगळ्यांच्याच केल्या."

"हो. सगळ्यांच्याच केल्यास." ती म्हणाली. "तू आतल्या बाजूनं घासत बसला होतास. वर अकाईतीची तिवाएवाए घालायची होती. मी म्हटलं, तेरेपाई, आतून कोण बघणार आहे? तर म्हणालास, हा पोरगा बोटात कुसळ गेलं तरी अख्खं गाव गोळा करायचा, आता ओरडला तर मी कुठे तोंड लपवू?" ममा कुरानं डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. "मी हसले रे तेव्हा. त्या दिवशी, विचार कर. ती पेटी मागायला कुणी आलं तर मी कोयता घेईन."

तेरेपाई रडला. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, अगदी लहान पोरासारखा रडला. सकाळपासून ज्या नकारासाठी तो दारोदार फिरला होता तो मिळाला होता, आणि आता तो ठेवायचा कुठे हे त्याला कळत नव्हतं. ज्या स्टुलांनी लोकांच्या पाठी मोडल्या, त्या प्रत्येकावर त्यानं वीतभर नाव कोरलं होतं. पेट्यांवर कधी एक रेघ ओढली नाही, आणि आपलं काम मोजताना त्या धरल्याही नाहीत. आता एकेका घराचं अंगण त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. जिथे जिथे चुना दिलेली कबर होती तिथे आत त्याची पेटी होती आणि तिच्यावर अकाईतीची फुलं होती. मग त्याला रोंगोचं ते कुसळ आठवलं, आणि रडता रडता तो हसलाही.

"झालं का रडून?" ममा कुरानं चटई पुन्हा हातात घेतली. "मग तो देव तेवढा ने. कोंबड्या बुजतात."

त्यानं देवाला दोरीनं पाठीला बांधलं आणि तसाच गोदामावर आला. उद्या उद्घाटन होतं. बाहेर माणसं मेजवानीसाठी जमिनीत भट्टीचा खड्डा खणत होती, आत अकाईती जमिनीवर बसून पाहुण्यांसाठी फुलांचे मुकुट गुंफत होती, आणि तेपाएरू शिडीवर चढून त्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या रंगानं अक्षरं काढत होती. रिकामी भिंत तशीच कशी ठेवायची म्हणून तिनं अकाईतीलाच विचारलं होतं, आणि अकाईतीनं सांगितलं तेच ती लिहीत होती. "अकाईती. सगळं काम वापरात आहे."

तेरेपाईनं ते वाचलं आणि पाठीवरचा देव सोडून खाली ठेवला.

"पोरी, इथे माझंही नाव घालशील?"

तेपाएरूनं वळून पाहिलं. "पापा, पलीकडची अख्खी खोली तुमची आहे. पाय ठेवायला जागा नाही तिथे."

"ते राहू दे तिकडे. ते कुणाला नकोच होतं." हे बोलताना त्याला वाटलं होतं तेवढं लागलं नाही. "मी पेट्या केल्यात. माणसांच्या. हिच्या चादरी त्यांच्यावरच तर घातल्या."

तेपाएरूचा कुंचला खाली आला. 

"माझ्या आजीची?"

"तुझ्या आजीचीही."

ती शिडीवरून दोन पायऱ्या उतरली, रंगाचा डबा हातात धरून तिनं भिंतीकडे पाहिलं. "कुठे लिहू? केवढं?"

"बारीक लिही," तेरेपाई म्हणाला. "तिच्या नावाच्या खाली कुठेतरी."

"खाली कशाला?" अकाईतीनं मुकुटावरून नजर न उचलता म्हटलं. "शेजारी जागा आहे की."